संकेतस्थळाचे मांद्य : होस्टिंगची निवड व गतिवर्धन

चिकित्सालयाच्या दारावरची पाटी रंगवून घेताना आपण अक्षरांचे वळण, पाटीची उंची आणि रात्रीच्या दिव्याची सोय या साऱ्यांचा विचार करतो. संकेतस्थळ ही आता चिकित्सालयाची दुसरी पाटी झाली आहे आणि परगावचा रुग्ण बहुधा तीच प्रथम पाहतो. औषधी निर्मात्यांच्या बाबतीत तर ती पाटीही आहे आणि दुकानाचा गल्लाही. तथापि ही पाटी कोणाच्या भिंतीवर टांगली आहे, त्या भिंतीचे भाडे केव्हा संपते आणि पाटी वाचण्यास रुग्णाला किती वेळ ताटकळावे लागते, असे विचारले असता 'ते आमचा संगणकवाला पाहतो' असे उत्तर अनेक व्यवसायबंधूंकडून मिळते.

संकेतस्थळ मंद चालते अशी तक्रार केली की विक्रेता अधिक किमतीची होस्टिंग योजना सुचवतो. पुष्कळदा ती घेतली जाते, पैसे जातात आणि मांद्य तसेच राहते. ज्वराचे कारण न शोधता केवळ औषधाची मात्रा वाढवत नेण्यासारखेच हे झाले. विलंब होस्टिंगमध्ये आहे, संकेतस्थळाच्या रचनेत आहे की पानाच्या वजनात आहे, हे ठरवल्याशिवाय चिकित्सा करू नये, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. हे निदान करण्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. पद्धतशीर परीक्षेची सवय पुरेशी आहे आणि ती आपणा वैद्यांच्या अंगी असतेच.

१. प्रथम नाव, मग निवारा

संकेतस्थळाच्या व्यवहारात तीन गोष्टी परस्परांहून भिन्न असतात. डोमेन हे नाव किंवा पत्ता होय. होस्टिंग म्हणजे चोवीस तास चालू असणाऱ्या सर्व्हरवर भाड्याने घेतलेली जागा. आणि त्या जागेत ठेवलेली पाने, छायाचित्रे व माहितीसाठा म्हणजे प्रत्यक्ष संकेतस्थळ. तिन्ही एकाच विक्रेत्याकडून घेता येतात, परंतु त्यांवरील हक्क स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे.

यांत सर्वाधिक मोलाची वस्तू म्हणजे डोमेन. होस्टिंग बदलता येते, संकेतस्थळ पुन्हा उभारता येते. पण वीस वर्षांत रुग्णांच्या तोंडी बसलेले नाव एकदा हातून गेले की परत मिळेलच असे नाही. 'डॉट कॉम' नावाची मुदत टळल्यास नोंदणीदार कंपनी साधारणतः काही दिवसांची सवलत देते. नोंदणी रद्द झाल्यानंतर ३० दिवसांचा पुनःप्राप्तीचा काळ असतो व त्यासाठी बरेच अधिक शुल्क पडते. तोही उलटला की ५ दिवसांनी नाव जगासाठी खुले होते. अशी जुनी, वापरातील नावे टिपून घेणारे लोक टपलेलेच असतात. मग वैद्यांच्या नावाच्या पत्त्यावर जुगाराची किंवा भलत्यासलत्या औषधांची जाहिरात झळकू लागते, आणि रुग्णाला ती वैद्यांचीच वाटते. वर्षाचे नूतनीकरण चुकल्याची ही किंमत असते.

म्हणून डोमेनची नोंदणी संकेतस्थळ तयार करणाऱ्याच्या नावे न ठेवता स्वतःच्या अथवा संस्थेच्या नावे करावी. नोंदणीत दिलेला ई-मेल पत्ता व मोबाइल क्रमांक आपला असावा. तो ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडल्यास नूतनीकरणाची सूचनाही त्याच्यासोबत बंद पडते. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी करता येते. निदान ३ ते ५ वर्षांची करून स्वयंनूतनीकरण चालू ठेवावे. '.इन' नावांचे व्यवस्थापन २००३ साली स्थापन झालेली नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजेच निक्सी, ही संस्था करते. देवनागरीतील '.भारत' ही सोयही २०१४ पासून उपलब्ध आहे.

२. होस्टिंगचे प्रकार

होस्टिंगचे प्रकार समजण्यास मुंबईच्या चाळीचे उदाहरण पुरे. सामायिक होस्टिंग म्हणजे चाळीतील खोली. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. भाडे अल्प, पण नळ सामायिक. शेजारच्या खोलीत लग्न निघाले की आपल्या नळाचे पाणी बारीक होते. व्हीपीएस म्हणजे इमारतीतील स्वतंत्र सदनिका. भिंती व छप्पर सामायिक असले, तरी प्रोसेसर आणि मेमरी यांचा ठरलेला वाटा आपल्या नावे राखलेला असतो. डेडिकेटेड सर्व्हर हा स्वतंत्र बंगला होय. क्लाउड होस्टिंगमध्ये गरजेप्रमाणे खोल्या वाढवता अथवा कमी करता येतात व वापरानुसार देयक येते.

सदनिका आणि बंगला यांत एक गोष्ट विसरली जाते. घर स्वतंत्र झाले की झाडलोट व पहाराही स्वतःकडे येतो. व्हीपीएसवरील प्रणाली अद्ययावत ठेवणे आणि सुरक्षा पाहणे ही ग्राहकाची जबाबदारी असते. ज्यांच्याकडे ती जाणणारी व्यक्ती नाही, त्यांनी 'मॅनेज्ड' म्हणजे देखभालीसह मिळणारी योजना घ्यावी. निव्वळ स्वस्त व्हीपीएस घेऊन तो वाऱ्यावर सोडण्यापेक्षा चांगली सामायिक होस्टिंग श्रेयस्कर.

निवड व्यवसायाच्या प्रकृतीनुसार करावी. एका वैद्याचे चिकित्सालय, वेळापत्रक, पत्ता, काही लेख आणि संपर्काची सोय एवढाच संसार असेल, तर चांगली सामायिक होस्टिंग पुरेशी असते. भेटीची वेळ ठरवण्याची सोय असणाऱ्या, पंचकर्माच्या खोल्या आरक्षित करू देणाऱ्या संस्थेस देखभालीसह असलेली योजना हवी. दोनशे-तीनशे औषधे प्रत्यक्ष विकणाऱ्या फार्मसीने राखीव क्षमतेची व्यवस्थाच घ्यावी.

येथे सरासरी गर्दीपेक्षा कमाल गर्दीचा विचार महत्त्वाचा ठरतो. सुवर्णप्राशनाची नोंदणी ऑनलाइन घेणाऱ्या चिकित्सालयांचे पाहा. पुष्य नक्षत्र साधारण २७ दिवसांनी येते. त्याच्या आदल्या दिवशी निरोप पाठवला की अर्ध्या तासात शेकडो पालक एकदम संकेतस्थळावर येतात. उरलेले पंचवीस दिवस तेथे शुकशुकाट असतो. फार्मसींना हाच अनुभव दिवाळीपूर्वी उटणे-तेलाच्या मागणीत आणि हेमंतात च्यवनप्राशाच्या वेळी येतो. योजना निवडताना त्या अर्ध्या तासाचा आकडा विक्रेत्यासमोर ठेवावा.

३. अंतराचा हिशोब

सर्व्हर कोठे आहे याने खरोखर फरक पडतो काय? पडतो, आणि तो साध्या गणिताने काढता येतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. म्हणजे जाण्यायेण्यास किमान १२५ मिलिसेकंद. समुद्रातील केबल सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत अनेक टप्पे असतात, त्यामुळे प्रत्यक्षात २०० मिलिसेकंद किंवा अधिक लागतात. पानाचे पहिले अक्षर येण्यापूर्वी अशा फेऱ्या एकाहून अधिक होतात. एक जोडणी उघडण्याची, एक सुरक्षित कुलूप जुळवण्याची आणि एक प्रत्यक्ष मागणीची, अशा तीन फेऱ्या धरल्या तरी ६०० मिलिसेकंद केवळ प्रवासात गेले. कुलूप जुळवण्याच्या जुन्या पद्धतीत आणखी एक फेरी होत असे. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या टीएलएस १.३ ने ती वाचवली.

भारतात चांगली डेटा सेंटरे नव्हती तेव्हा परदेशी सर्व्हर घेणे क्रमप्राप्त होते. ती स्थिती आता नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यासह भारतात आपली क्लाउड केंद्रे सुरू केली, ॲमेझॉनने २०१६ मध्ये व गुगलने २०१७ मध्ये मुंबईत. ज्यांचे रुग्ण प्रामुख्याने महाराष्ट्र, गोवा व शेजारच्या राज्यांतील आहेत, त्यांनी भारतातील, शक्यतो मुंबईतील सर्व्हरचा आग्रह धरावा. कंपनी भारतीय असली म्हणजे सर्व्हर भारतात असतोच असे नाही. हे लेखी विचारून घ्यावे.

परदेशातून सल्ला घेणारे रुग्ण असल्यास सर्व्हर तेथे हलवण्याची आवश्यकता नाही. सीडीएन या व्यवस्थेत आपल्या छायाचित्रांच्या व पानांच्या प्रती जगभरातील केंद्रांत ठेवल्या जातात आणि वाचकाला जवळच्या केंद्रातून मिळतात. मूळ रसशाळा एक, पण गावोगावी औषधी भांडारे, असे याचे स्वरूप आहे. क्लाउडफ्लेअरसारख्या सेवांची प्राथमिक योजना विनामूल्य असून लहान चिकित्सालयास ती पुरते.

४. जाहिरातीतील शब्द

'अमर्याद जागा, अमर्याद वापर' या शब्दांना भुलू नये. मर्यादा असतेच, ती प्रोसेसरच्या वापरावर, एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांच्या संख्येवर आणि फायलींच्या एकूण संख्येवर असते, व ती नियमावलीच्या आतल्या पानावर लिहिलेली असते. पुष्य नक्षत्राच्या आदल्या दिवशी पडद्यावर 'मर्यादा संपली' असा संदेश येतो तो याच कलमामुळे.

'९९.९ टक्के उपलब्धता' हा दुसरा शब्दप्रयोग. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा. ९९ टक्के म्हटले की तीच मुभा ७ तास १२ मिनिटांवर जाते. दशांश चिन्हापुढचा अंक किरकोळ नसतो, हे मात्रेचा विचार करणाऱ्या वैद्यांस सांगणे नलगे. शिवाय वचनभंग झाल्यास बहुतेक कंपन्या भाड्याचा काही अंश पुढील देयकात वळता करतात. बुडालेल्या विक्रीची भरपाई त्यात नसते.

तिसरी बाब किमतीची. ठळक अक्षरांतील दर पहिल्या मुदतीपुरता असतो व तोही पुष्कळदा तीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यास. नूतनीकरणाचा दर त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो. १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा. तुलना करताना पाच वर्षांचा एकूण खर्च मांडावा.

चौथी व सर्वांत गंभीर बाब बॅकअपची. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएचक्लाउड या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक संपूर्ण इमारत जळाली. ज्या ग्राहकांच्या बॅकअप प्रती त्याच आवारात होत्या, त्यांपैकी अनेकांचा माहितीसाठा कायमचा नष्ट झाला. ज्यांनी प्रत अन्यत्र ठेवली होती त्यांनी संकेतस्थळ दुसरीकडे उभे केले. सर्व्हर आणि त्याची प्रत एकाच छपराखाली असेल, तर त्यास बॅकअप म्हणू नये. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक अन्य ठिकाणी, हा नियम पाळावा. तीन-चार महिन्यांतून एकदा ती प्रत प्रत्यक्ष उघडून, तिच्यावरून संकेतस्थळ उभे राहते की नाही, हेही पडताळावे.

५. त्रिविध परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संकेतस्थळ मंद आहे. दोष कोठे आहे? यासाठी आम्ही पुढील क्रम सुचवतो.

संकेतस्थळ सांभाळणाऱ्याकडून त्याच होस्टिंगवर एक अगदी साधे पान ठेवून घ्यावे. त्यात एक ओळ मजकूर असावा. चित्र नको, माहितीसाठ्याशी संबंध नको. मग संगणकावरील ब्राउझरच्या तपासणी साधनातील 'नेटवर्क' या भागात त्या पानाचा पहिला बाइट येण्यास लागलेला वेळ पाहावा. तोच वेळ मुख्य पानासाठी पाहावा. हे मोजमाप दिवसातून तीन-चार वेळा आणि दोन-तीन दिवस करावे. एकदाच पाहिलेल्या नाडीवर निदान करू नये. मोजमापात सीडीएन मध्ये असल्यास ती तात्पुरती बाजूला ठेवावी.

यातून तीन अवस्था संभवतात. साधे पानही उशिरा येत असेल, तर दोष होस्टिंगमध्ये किंवा अंतरात आहे. रात्री बरे आणि सायंकाळी वाईट असे असेल, तर सर्व्हरवरील शेजाऱ्यांची गर्दी हे कारण संभवते; सर्व वेळ सारखाच विलंब असेल, तर अंतराचा संशय घ्यावा. साधे पान तत्काळ आले पण मुख्य पानाचा पहिला बाइट रेंगाळला, तर दोष संकेतस्थळाच्या प्रणालीत आहे. प्रत्येक वाचकासाठी ती माहितीसाठ्यातून पान नव्याने शिजवत असते आणि ते शिजण्यास वेळ लागतो. पहिला बाइट दोन्हीकडे लवकर आला, परंतु पान पूर्ण दिसण्यास वेळ लागला, तर दोष पानाच्या वजनात आहे. या तिसऱ्या अवस्थेत कितीही महाग होस्टिंग घेतली तरी गुण येणार नाही.

परिणाम मोजण्यासाठी गुगलचे पेजस्पीड इनसाइट्स हे विनामूल्य साधन वापरावे. त्यात तीन लक्षणांना विशेष महत्त्व आहे. पानातील मुख्य मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांच्या आत दिसावे. वाचकाने बटण दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा. हा निकष मार्च २०२४ पासून जुन्या निकषाच्या जागी आला आहे. आणि पान उमटताना मजकूर खालीवर सरकू नये. त्याचे मोजमाप ०.१ च्या आत असावे. पुरेशी गर्दी असलेल्या संकेतस्थळांसाठी हे साधन प्रत्यक्ष वाचकांचा अनुभवही दाखवते, आणि चारांपैकी तीन भेटींत निकष साधला तर तो उत्तीर्ण धरते. तपासणी मोबाइलच्या विभागात पाहावी. आपला रुग्ण चिकित्सालयातील वायफायवर बसलेला नसतो. तो एसटीच्या थांब्यावरून पत्ता शोधत असतो.

६. चिकित्साक्रम

कारण दूर करणे हीच पहिली चिकित्सा, हे निदानपरिवर्जनाचे तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते. तिसऱ्या अवस्थेपासून, म्हणजे वजनापासून प्रारंभ करावा. कारण तेथे खर्च अत्यल्प आणि लाभ मोठा असतो.

छायाचित्रे : मोबाइलने काढलेले वनस्पतीचे किंवा औषधी बाटलीचे चित्र सहज ४ एमबीचे असते. प्रतिसेकंद ४ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर असे एक चित्र उतरण्यास ८ सेकंद लागतात. मुख्य पानावर सरकत्या पट्टीत अशी पाच चित्रे असतील तर ४० सेकंद. तेच चित्र योग्य रुंदीस कापून वेबपी स्वरूपात २०० केबीपर्यंत आणले तर अर्ध्या सेकंदाच्या आत येते आणि डोळ्यांना भेद जाणवत नाही. पानाच्या खालच्या भागातील चित्रे गरज पडेल तेव्हाच उतरतील अशी व्यवस्था करावी, परंतु अगदी वरच्या चित्रास ती लावू नये. प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी आधी नमूद केली म्हणजे मजकूर सरकत नाही. ध्वनिचित्रफिती स्वतःच्या होस्टिंगवर चढवू नयेत. यूट्यूबसारख्या ठिकाणी ठेवून त्यांचा दुवा द्यावा.

देवनागरी फॉन्ट : जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमन फॉन्टपेक्षा मोठी असते. जाड, बारीक, तिरपा असे सहा प्रकार मागवण्याऐवजी दोनच ठेवावेत, ते वॉफ२ स्वरूपात असावेत, आणि फॉन्ट येईपर्यंत मोबाइलमधील मूळ अक्षरांत मजकूर दिसू द्यावा. युनिकोडमध्ये साठवताना देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, रोमन अक्षर १ घेते. त्यामुळे मराठी पानांस जीझिप किंवा ब्रॉटली संक्षेपाचा लाभ चांगला होतो. तो चालू आहे याची खात्री करावी. ज्यांची जुनी पाने अद्याप युनिकोडपूर्व फॉन्टपद्धतीत आहेत, त्यांनी ती सत्वर युनिकोडमध्ये आणावीत. अन्यथा शोधयंत्राला ती मराठी म्हणून वाचताच येत नाहीत.

प्लगइन : वर्डप्रेस या लोकप्रिय प्रणालीवर आपल्यापैकी अनेकांची संकेतस्थळे आहेत. तिच्यात सोयीसाठी प्लगइन जोडले जातात व पुढे विसरले जातात. सरकता मजकूर, भेट देणाऱ्यांची संख्या, तीन प्रकारच्या संवादखिडक्या. यांतील प्रत्येकाचे ओझे रुग्णाच्या मोबाइलवर पडते. न वापरले जाणारे प्लगइन बंद करून काढून टाकावेत. अद्ययावत न केलेले प्लगइन हे घुसखोरांचे आवडते द्वार असल्याने येथे गती आणि सुरक्षा दोन्ही साधतात.

कॅशे : दुसऱ्या अवस्थेवरील हा प्रमुख उपाय. एकदा शिजवलेले पान तयार ठेवून पुढील वाचकांना तेच वाढणे, असा त्याचा अर्थ. पत्ता, वेळापत्रक व लेख यांस तो निर्धोकपणे लावावा. परंतु खरेदीची टोपली, ग्राहकाचे खाते आणि देयक भरण्याचे पान यांना कॅशे कदापि लावू नये. तसे झाल्यास एका ग्राहकाचा पत्ता व मागवलेली औषधे दुसऱ्यास दिसण्याचा संभव असतो. या पानांना वेग हवा असेल, तर माहितीसाठ्याची सफाई करावी आणि राखीव क्षमतेची होस्टिंग घ्यावी. येथे मात्र अधिक खर्च सार्थकी लागतो.

आवृत्त्या : वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालते तिच्या ७.४ आवृत्तीचा अधिकृत आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. त्याहून जुन्या आवृत्त्यांवर चालणारी संकेतस्थळे मंदही असतात आणि असुरक्षितही. आवृत्ती बदलण्यापूर्वी बॅकअप घ्यावा व चाचणीच्या प्रतीवर सर्व पाने चालतात का ते पाहावे. होस्टिंग एचटीटीपी/२ अथवा त्यापुढील पद्धती देते का, हेही विचारावे.

इतके झाल्यावर त्रिविध परीक्षा पुन्हा करावी. साधे पानही अद्याप मंद येत असेल, तरच होस्टिंग बदलण्याचा निर्णय घ्यावा.

७. रुग्णाची माहिती

येथे एक गोष्ट आग्रहपूर्वक सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. गती कमी असल्यास रुग्ण खोळंबतो. माहिती फुटल्यास त्याचा विश्वास जातो. प्रकृतिपरीक्षणाची प्रश्नावली, जुन्या तपासण्यांचे अहवाल, त्वचारोगांची छायाचित्रे, वंध्यत्वाच्या रुग्णांचा वृत्तांत असे सर्व काही संकेतस्थळावरील अर्जातून येते आणि पुष्कळदा ते सामायिक होस्टिंगवरील एका उघड्या फोल्डरमध्ये साचत जाते. तेथवर पोहोचण्यास दुवा ठाऊक असणे पुरते. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. पण कायद्याआधीही रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्याचा धर्म होताच.

म्हणून अर्जात आवश्यक तेवढेच विचारावे. अहवाल स्वीकारायचे असल्यास ते प्रवेशनियंत्रित जागेत ठेवावेत आणि काम संपल्यावर पुसावेत. संपूर्ण संकेतस्थळास कुलूपचिन्ह देणारे प्रमाणपत्र असावे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते विनामूल्य देते व बहुतेक होस्टिंग कंपन्या ते आपोआप बसवतात. त्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्या विक्रेत्यास कारण विचारावे. फार्मसीचालकांनी ग्राहकांच्या कार्डांचे क्रमांक स्वतःजवळ ठेवू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांस ते साठवण्याची मनाईच आहे. देयकाचे काम अधिकृत पेमेंट गेटवेवर सोपवावे.

८. स्थलांतराचा विधी

होस्टिंग बदलायचेच ठरले तर घाई करू नये. प्रथम पूर्ण बॅकअप घ्यावा. नव्या जागी संकेतस्थळ उभारून प्रत्येक पान, अर्ज व देयक तपासावे. डोमेनच्या नोंदींतील टीटीएल ही कालमर्यादा दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणावी, म्हणजे बदल लवकर सर्वत्र पोहोचतो. ई-मेलच्या नोंदी जशाच्या तशा नव्या जागी नेल्या आहेत का, हे दोनदा पाहावे. स्थलांतरात बहुधा टपालच हरवते आणि त्याची वार्ता उशिरा लागते. विक्रीच्या संकेतस्थळावर बदलाच्या वेळी मागणी घेणे थोडा वेळ थांबवावे, अन्यथा काही मागण्या जुन्या जागी राहून जातात. जुनी होस्टिंग निदान दोन आठवडे चालू ठेवावी. आणि हे सारे सुवर्णप्राशनाच्या आठवड्यात अथवा धनत्रयोदशीच्या तोंडावर करू नये.

९. विक्रेत्यास विचारावयाचे प्रश्न

करार करण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

१) डोमेन कोणाच्या नावे नोंदले जाईल व त्याच्या खात्याचा पासवर्ड आमच्याकडे असेल काय?
२) सर्व्हर कोणत्या शहरात आहे?
३) एकाच वेळी किती प्रक्रिया चालू शकतात? मर्यादा ओलांडल्यास संकेतस्थळ मंद होते की बंद पडते?
४) नूतनीकरणाचा दर करासह किती?
५) बॅकअप किती दिवसांनी, किती काळासाठी आणि कोणत्या ठिकाणी ठेवला जातो? परत मिळवण्यास शुल्क आहे काय?
६) रविवारी रात्री संकेतस्थळ बंद पडल्यास कोणाशी बोलायचे व किती वेळात उत्तर मिळते?
७) सेवा सोडताना संपूर्ण प्रत आमच्या हाती मिळेल काय?

शेवटच्या प्रश्नास जो विक्रेता निःसंकोच होकार देतो, त्याच्याकडे राहण्यास हरकत नसते. उत्तर टाळणाऱ्याकडे मुळात जाऊ नये.

हे सर्व एकाच दिवसात होणार नाही. त्यामुळे वाचकांनी या अंकानंतर निदान दोन कामे करावीत असे आम्ही सुचवतो. आपले डोमेन कोणाच्या नावे आहे व त्याची मुदत केव्हा संपते, हे आजच पाहावे. नंतर घरातील वायफाय बंद करून, मोबाइलच्या साध्या जोडणीवर आपले संकेतस्थळ उघडावे आणि दूरध्वनी क्रमांक व चिकित्सालयाची वेळ दिसेपर्यंत किती सेकंद जातात ते घड्याळ लावून मोजावे. वेदनेने कळवळणाऱ्या रुग्णाला आपल्या तत्त्वज्ञानाचा परिचय नंतर वाचता येईल. त्या क्षणी त्याला तेवढ्या दोन ओळींची गरज असते. त्या दोन ओळी विनाविलंब त्याच्या हाती पडाव्यात, यासाठीच हा सारा खटाटोप आहे.